धावपट्टीवर बार्बा येर्को आहेत

नीवेसच्या हातून ती चूक झाली तेव्हा मी खाली कॉफी करायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. चौकशीत मला ते सांगावं लागलंच, आणि सांगताना मान वर करणं जमलं नव्हतं.

आमचा विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. धावपट्टी एकच. उन्हाळ्यात जर्मन आणि पोलिश पर्यटकांची विमानं एकामागोमाग एक येत असतात, हिवाळ्यात दिवसाला तीन-चार. टॉवरच्या काचेच्या खोलीत पाळीला दोघं असायचो. नीवेस श्कार्पा विमानांशी बोलायची आणि मी, लोव्रे, शेजारी बसून फोन घ्यायचो, वारा-पाऊस टिपायचो, प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या विमानाची चिठ्ठी लिहून तिच्यासमोरच्या खाचांमध्ये लावायचो. नीवेस बेचाळिशीची, एकटीनं मुलगी वाढवणारी. तिचा आवाज असा की जुने वैमानिक थट्टेनं म्हणायचे, बाई ‘नमस्कार’ म्हणाल्या की आमची चाकं आपोआप खाली येतात.

तिसरे बार्बा येर्को. आमच्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्या माणसाला बार्बा म्हणतात. चौसष्ट वर्षांचे, तरुणपणी मासेमारी केलेले, बुटके आणि गोल. पिवळी गाडी घेऊन दिवसातून चार वेळा धावपट्टी तपासणं, सीगल हाकलणं, पडलेला दगड, टायरचा तुकडा, मेलेला ससा उचलणं हे त्यांचं काम. रेडिओवर त्यांच्या गाडीचं नाव होतं ‘सोकोल’, म्हणजे ससाणा. ते स्वतःच म्हणायचे, "ससाणा कसला, पोट भरलेला पेंग्विन आहे मी." धावपट्टीवर पाऊल टाकण्याआधी ते नीवेसला विचारणार, ती हो म्हणणार, बाहेर पडले की ते कळवणार. अकरा वर्षं हेच. गेल्या वर्षी नीवेसच्या आईचं आजारपण चाललं होतं तेव्हा परवानगी मागण्याच्या आधी बार्बा हळूच विचारायचे, "आई जेवल्या का?" रेडिओवर असलं बोलायला बंदी आहे. आम्ही कोणी तक्रार केली नाही.

मार्चमधली गोष्ट. रात्रभर बूरा वाहिला होता. डोंगरावरून उतरणारा हा वारा एकदा सुटला की घरांची कौलंसुद्धा जागेवर राहत नाहीत. सकाळी त्यानं पाइनची एक फांदी धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाजवळ आणून टाकली. साडेदहाच्या सुमाराला बार्बांनी विचारलं, नीवेसनं आत जायला सांगितलं. मी ते ऐकलं, आणि कॉफी करायला उठलो.

मी जिना उतरत असताना आकाशात एक छोटं विमान होतं. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, विमान चालवायला शिकणारा, एकटा उडण्याची त्याची दुसरीच वेळ. वाऱ्यानं त्याला असं काही हलवलं की बिचाऱ्याचा धीर सुटला. ‘मला उतरता येणार नाही, मला उतरता येणार नाही,’ एवढंच तो म्हणत राहिला. नीवेसनं त्याला लहान मुलासारखं हाताशी धरलं. समुद्रावर जा, तिथं वारा सरळ आहे. नाक समोर ठेवा. आता श्वास घ्या. तुमच्या दवाखान्यात किती खुर्च्या आहेत? दोन? कुठल्या रंगाच्या? त्याचा आवाज ताळ्यावर येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली. तेवढ्यात जर्मनीहून येणाऱ्या विमानानं हाक दिली. ऐंशी प्रवासी, आठ किलोमीटरवर. नीवेसनं समोर पाहिलं. खाचांमध्ये दोन चिठ्ठ्या होत्या, एक डॉक्टरची आणि एक या विमानाची. गाडीची चिठ्ठी कधी नसायचीच. तिनं वाऱ्याचा वेग सांगितला आणि उतरायला परवानगी दिली.

बार्बांना यातलं काही ऐकू गेलं नाही. गाड्यांचा रेडिओ वेगळा आणि विमानांचा वेगळा, अशी तेव्हा आमच्याकडे रीत होती.

मी दोन कप घेऊन दारात आलो तेव्हा स्पीकरवर वैमानिकाचा आवाज आला, "वर घेतोय. धावपट्टीवर गाडी आहे." विमान नाक वर करून गरजत गेलं. नंतर मोजलं तेव्हा कळलं, गाडीच्या डोक्यावरून चाळीस मीटर.

नीवेस उभी राहिली होती. कागदासारखी पांढरी. तिनं विमानाला वळसा घालायला लावलं, आवाज अजिबात हलू दिला नाही. मग गाड्यांच्या रेडिओचं बटण दाबलं.

"सोकोल, टॉवर."

काही नाही.

"सोकोल, टॉवर. बोला." आणि मग, "बार्बा, बोला ना हो."

मी दुर्बीण लावली. गाडी धावपट्टीवर तशीच, दार उघडं, पिवळा दिवा फिरतोय. बार्बा बाजूच्या गवतात बसलेले, मांडीवर पाइनची फांदी. मग ते उठले, सावकाश गाडीपाशी गेले.

"आहे, पोरी, आहे. ओरडू नकोस," ते म्हणाले. गाडी गवतात घेतली आणि रोजच्या सुरात पुढचं वाक्य बोलले, "फांदी उचलली. सोकोल बाहेर. धावपट्टी मोकळी."

नीवेसनं कानावरचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. परवाना माझ्याकडेही होता; विमान मी उतरवलं, डॉक्टरलाही मीच उतरवलं. ती मागे जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. कॉफी कोणी प्यायली नाही.

अकराच्या न्याहारीला, आमच्या भाषेत मारेंदाला, बार्बा उपाहारगृहात आमची वाट बघत होते. समोर पावाचे तुकडे आणि न खाल्लेल्या सार्डिन.

"कुणाला काही झालं का? नाही," ते म्हणाले. "मग लिहायचं काय त्यात?"

"तुमच्या डोक्यावरून विमान गेलं, बार्बा."

"अगं माझ्या डोक्यावर केस तरी आहेत का, काही बिघडायला? बस, खाऊन घे."

नीवेस बसली नाही. त्याच दुपारी तिनं आपल्या हातानं अहवाल लिहिला आणि पाठवून दिला. वैमानिकही लिहिणार होताच, पण तिचा आधी पोचला.

पाचव्या दिवशी राजधानीहून, झाग्रेबहून, चौकशीसाठी एक बाई आल्या. व्लात्का बेदेक. पंचावन्नच्या, अंगावर जाड लोकरी स्वेटर, आणि प्रचंड सर्दी. मेजावर एका बाजूला टेपरेकॉर्डर, दुसऱ्या बाजूला रुमालांचा ढीग. त्यांनी आधी बार्बांना बोलावलं, अर्धा तास ठेवलं. ते बाहेर आले ते आमच्याकडे न बघता सरळ गाडीकडे गेले. मग बाईंनी आम्हा दोघांना आत घेतलं.

"येर्को मातुलिच म्हणतात," बाईंनी कागदावरून वाचलं, "की फांदी काढून ते बाहेर आले होते. टॉवरकडे बघून त्यांनी दिवा दोनदा लावला-विझवला. रेडिओ नीट चालत नव्हता म्हणून. मग टोपी धावपट्टीवरच राहिली हे ध्यानात आलं, आणि न विचारता परत गेले. चूक सगळी त्यांची." त्यांनी चष्म्यावरून नीवेसकडे पाहिलं. "तुम्ही त्यांना बाहेर येताना पाहिलंत? तो दिवा पाहिलात?"

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. बार्बा जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्यांचं आता कोण काय वाकडं करणार? आणि ती फक्त ‘हो’ म्हणाली तर सगळं जागच्या जागी बसत होतं. टॉवरच्या रेडिओच्या टेपवर काय आहे? परवानगी दिल्याचं आहे, विमान येण्याआधी बाहेर पडल्याचं नाही. मधल्या दिव्याला साक्षीदार कोण? आकाश. खरं सांगतो, मला मनातून वाटलं, म्हण. हो म्हण आणि सुट.

बाईंनी दोनदा नाक शिंकरलं.

"बूरा असताना इथं कोणी टोपी घालत नाही," नीवेस शेवटी म्हणाली. "बाहेर पाऊल टाकलं की ती समुद्रापलीकडे इटलीत जाते."

बेदेकबाईंनी हसू रुमालात लपवलं.

"ते बाहेर आले नव्हते. मी त्यांना आत पाठवलं, आणि मी त्यांना विसरले. मी अकरा वर्षं रोज त्या माणसाशी बोलते. आणि मी त्यांना विसरले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते असं का म्हणाले असतील, हे मी विचारत नाही. ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात घ्या. मी ती टोपी मान्य केली असती तर अहवालाच्या शेवटी काय सुचवलं असतं? टोप्या नीट बांधा, एवढंच. आणि पुढच्या हिवाळ्यात तुमच्याच जागी दुसरं कोणी बसलेलं असतं, समोर दोनच चिठ्ठ्या असत्या, आणि फांदी उचलायला दुसरा कोणी गेलेला असता."

मग त्यांनी बार्बांना परत बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, म्हणून ऐकू आलं. "मातुलिच, सर्दीनं माझे कान बंद झालेत. मघाशी तुम्ही काय सांगितलंत ते मला नीट ऐकू आलेलं नाही. पहिल्यापासून सांगा."

बार्बांनी पहिल्यापासून सांगितलं, या वेळी टोपीशिवाय. पण त्यानंतर त्यांनी नीवेसशी बोलणं सोडलं.

नीवेसला दीड महिना टॉवरपासून दूर ठेवलं. शिक्षा म्हणून नाही. पुन्हा सराव, पुन्हा परीक्षा, आणि झाग्रेबच्या एका मनाच्या डॉक्टरशी गप्पा. ती घरी बसून खिडक्या पुसायची. मी भेटायला गेलो की एकच प्रश्न, "बार्बा काही म्हणाले?" ते काही म्हणत नव्हते. माझ्याकडूनच परवानगी मागायचे, आणि तीही अशी, की जणू मी सरकारी खात्यातला कोणी परका आहे.

शेवटी एप्रिलमधल्या एका रविवारी मी तिला गाडीत घातलं आणि बार्बांच्या घरी घेऊन गेलो. त्यांची बायको पेरीना दारात आली, नीवेसला बघून काही न बोलता तिचे दोन्ही गाल हातात धरले आणि तिला आत ओढलं. बार्बा अंगणात पालथ्या घातलेल्या नावेला रंग देत होते.

"आलात?" ते म्हणाले. "बसा. मी कामात आहे."

"काम कसलं, ती नाव दहा वर्षांत पाण्यात गेलेली नाही," पेरीना आतून ओरडली. "हात धू आणि ये!"

जेवणात पालेभाजी-बटाटे आणि भाजलेला मासा होता. बार्बा माशाचे काटे काढत बसले. मग अचानक, मान वर न करता म्हणाले, "मी तुला दिलेलं तू परत केलंस. झाग्रेबच्या बाईसमोर मला खोटारडा ठरवलंस."

"तुम्ही खोटंच बोलत होतात, बार्बा."

"तुझ्यासाठी बोलत होतो!"

"मला माहीत आहे." नीवेसचा आवाज पहिल्यांदाच फुटला. टॉवरवर मी तो कधी फुटलेला ऐकला नव्हता. "मी तुम्हाला मारलं असतं. आणि वर तुमच्यावरच आळ येऊ दिला असता? मग मी परत तिथं बसून कुणाला आत पाठवणार होते?"

"मेलो नाही ना मी."

"रोज मरता. मी डोळे मिटले की मरता."

पेरीनानं नवऱ्याच्या हातातला जेवणाचा काटा काढून घेतला. बार्बा रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

"विमान आलेलं मी बघितलं," ते हळू म्हणाले. "वाऱ्यात आवाज येत नव्हता, पण दिवे दिसले. मी गाडीत शिरायला वळलो, मग कळलं, वेळ नाही, आणि गवतात उडी टाकली. तुला खरं सांगू? त्या वेळी मी घाबरलो नाही. पेरीनाही आठवली नाही, देव मला क्षमा करो."

"करेल, मी नाही करणार," पेरीना म्हणाली.

"मला वाटलं, पोरगी आजारी असणार. टॉवरमध्ये पडली असणार. नाहीतर ती असं होऊ देणारच नाही. म्हणून तर बराच वेळ रेडिओपाशी जाववेना. वाटलं, लोव्रे उचलेल आणि सांगेल की नीवेस गेली. आणि मग तुझा आवाज आला." त्यांनी नाक ओढलं. "तू रागावलीस तरी चाललं असतं मला. तू होतीस."

नीवेस खुर्चीवरून उठली आणि त्यांच्या गोल खांद्यावर डोकं ठेवून रडली. मोठ्यानं, लाज न बाळगता. बार्बा तिच्या पाठीवर थोपटत माझ्याकडे बघून म्हणाले, "बघतोस काय, वाइन ओत."

बेदेकबाईंचा अहवाल मे महिन्यात आला. दोष कुणाच्या एकट्याच्या माथी मारलेला नव्हता. नीवेस विसरली हे लिहिलं होतं, मी खाली गेलो होतो हेही लिहिलं होतं, आणि आठवण ठेवायचं सगळं ओझं एकाच माणसाच्या डोक्यावर होतं असंही. त्याबरोबर काय करायचं ते सांगितलं होतं. धावपट्टीवर कोणी असेल तोवर चिठ्ठ्यांच्या खाचेत लाल ठोकळा ठेवायचा, तो उचलल्याशिवाय कुणाला उतरायची परवानगी द्यायची नाही. ठोकळा झाग्रेबहून येईपर्यंत वाट कोण बघणार? बार्बांनी वल्ह्याच्या तुकड्याचा करून नावेचाच लाल रंग दिला. दुसरी गोष्ट, गाड्या आणि विमानं एकाच रेडिओवर. त्यामुळे बार्बांना निवृत्तीला महिना उरला असताना इंग्रजी शिकावं लागलं. त्यांची कुरकुर संपेना. "‘लँड’ असं ऐकू आलं की बाहेर पळायचं, एवढं मला कळलं. बाकी तुम्ही शिका."

आणि तिसरी गोष्ट: टॉवरवाल्यांनी एकदा गाडीतून धावपट्टीवर जायचं, आणि गाडीवाल्यांनी एकदा टॉवरमध्ये येऊन बसायचं. अहवाल वाचताना मलाच धक्का बसला. अकरा वर्षांत नीवेस धावपट्टीवर कधी उभी राहिली नव्हती, आणि बार्बा टॉवरचा जिना कधी चढले नव्हते.

नीवेस कामावर परतली त्या दिवशी बार्बा तिला पिवळ्या गाडीतून घेऊन गेले. परवानगी मी दिली, लाल ठोकळा खाचेत ठेवून. ती नंतर मला म्हणाली, "लोव्रे, वरून सगळं सपाट दिसतं रे. तिथं उभं राहिलं की कळतं, मधे चढ आहे. चढापलीकडे गेलं की टॉवरची नुसती वरची काच दिसते. काचेमागचे आपण त्यांना दिसतच नाही." बार्बांनी तिला ती जागा दाखवली, जिथं फांदी पडली होती, आणि ती जागा, जिथं त्यांनी उडी घेतली होती. "या वयात तीन मीटर!" त्यांनी फुशारकी मारली. नीवेसनं पावलांनी मोजलं. दीड भरलं. ती खाली वाकून काळ्या खडबडीत डांबरावर हात ठेवून थोडा वेळ तशीच राहिली. बार्बा गाडीला टेकून, दुसरीकडे बघत थांबले.

मग बार्बा टॉवर चढले. एकशे बारा पायऱ्या, तीन ठिकाणी बसून, प्रत्येक ठिकाणी बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. वर आले आणि काचेला नाक लावून खाली बघितलं. धावपट्टीवर त्यांच्या जागी येणारी क्लाउदिया तपासणी करत होती. पिवळी गाडी मसुरीच्या दाण्याएवढी.

"मी एवढासा दिसतो?"

"एवढेसे."

"पेरीनाला सांगायला पाहिजे. ती म्हणते मी जाड झालोय."

तेवढ्यात म्युनिकच्या विमानानं हाक दिली. नऊ किलोमीटर. नीवेसनं लाल ठोकळ्याकडे पाहिलं. मग वैमानिकाला शांतपणे सांगितलं, "येत राहा. धावपट्टीवर गाडी आहे. परवानगी नंतर." वैमानिक म्हणाला, "समजलं, येतोय."

सात किलोमीटर. सहा. क्लाउदिया गवताच्या कडेला कशाला तरी वाकली होती. बार्बांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "पोरी, ती काय खाली बसलीय? बाहेर काढ तिला! कसली मुलगी आहे, उठ ना गं!"

"बार्बा, श्वास घ्या," नीवेस म्हणाली, आणि रेडिओवर, "सोकोल, धावपट्टी सोडा."

"सोडते," क्लाउदियाचा आवाज. गाडी वळली, फाट्यावर आली, पांढऱ्या रेघेच्या पलीकडे थांबली. "सोकोल बाहेर. धावपट्टी मोकळी."

नीवेसनं तरीही घाई केली नाही. डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत, सावकाश, डोळ्यांनी सगळी धावपट्टी चालून आली. मी बघतो तर तिच्याबरोबर बार्बांचीही मान डावीकडून उजवीकडे चालली होती. मग तिनं ठोकळा उचलला आणि परवानगी दिली.

विमान उतरलं. चाकांखालून थोडा धूर निघाला, बाकी काही नाही.

बार्बांनी रुमालानं कपाळ पुसलं. "रोज असं?"

"रोज."

"मी तिथं खाली गाणी म्हणत असतो," ते म्हणाले. "आणि तू इथं बसून हे करतेस."

पुढचं विमान बाराला होतं. बार्बा म्हणाले, बघूनच जातो. ते गेलं, मग एकचं बघू म्हणाले. दोन वाजता पेरीनाचा टॉवरच्या फोनवर फोन आला, मासा थंड झालाय, आमचा म्हातारा तिथं आहे का? मी नीवेसकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"आहेत," मी म्हणालो. "बसलेत."